कुणाच्याच घरात नसलेला वास

आमच्या वॉर्डात औषधांच्या यादीत नसलेली एकच वस्तू होती आणि ती मावशींच्या एप्रनच्या डाव्या खिशात असायची. अंगठ्याएवढी तपकिरी बाटली, तिला थेंब पाडायचं बूच आणि भोवती गुंडाळलेलं पट्टीचं कापड. मी त्या वॉर्डाची मोठी सिस्टर. यादीत नाही ते वॉर्डात नाही, असा माझा खाक्या. पहिल्या दिवशी मी ती बाटली टेबलावर ठेवायला लावली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा खिशात होती. तिसऱ्या दिवसापासून मी त्या खिशाकडे कानाडोळा केला, तो पुढची एकोणीस वर्षं.

मावशी म्हणजे वॉर्डाची साफसफाई, चादरी, भांडी बघणाऱ्या मावशी. त्यांचं खरं नाव हजेरीपटात होतं आणि ते तिथेच राहिलं. डॉक्टर त्यांना मागून 'दोन थेंब' म्हणायचे. मावशींना ते माहीत होतं. "दोनच म्हणतात ना? मग ठीक आहे. तीन म्हणाले तर सांगा," असं त्या म्हणायच्या.

आमचा वॉर्ड न भरणाऱ्या जखमांचा. आठ खाटा आणि टोकाला एक वेगळी खोली. अशा जखमेला वास कसा येतो ते मी सांगत बसत नाही. ज्यांनी घेतलाय त्यांना सांगायला नको, ज्यांनी घेतला नाही त्यांनी देवाचे आभार मानावेत. आम्ही जखम धुतो, जंतू मारणाऱ्या गोळ्या कुटून त्यांची पूड वर टाकतो, वास शोषणारी कोळशाची पट्टी बांधतो, खिडक्या उघड्या ठेवतो. तीन हिस्से वास जातो. चौथा उरतो आणि तोच नातेवाइकांना दारात अडवतो. माणसं वाईट नसतात हो. पाय आत टाकतात, मग फोन आल्यासारखं करून बाहेर जातात. आणि खाटेवरच्या माणसाला फोन आलेला नाही हे कळतं.

तो चौथा हिस्सा मावशींचा. कापसाच्या बोळ्यावर दोन थेंब, बोळा काचेच्या वाटीत, वाटी खाटेखाली उशाच्या बाजूला, खिडकीकडे, म्हणजे वारा वास घेऊन दाराकडे जातो. जखमेवर कधी नाही, अंगाला नाही, उशीलाही नाही. "वास माणसाला लावायचा नसतो, हवेला लावायचा असतो," हे त्यांचं शास्त्र. दोनाचे चार केले की डोकं दुखतं, मळमळतं, हे त्यांनी आधी स्वतःवर करून पाहिलं होतं.

तेल कुठलं, तर सुगंधी डिंकाचं. डोंगरातल्या एका झाडाच्या सालीला चीर दिली की पांढरा चीक गळतो, वाळून त्याचे खडे होतात. ते खडे पाण्यात उकळायचे, वाफ नळीतून गार करायची, की पाण्यावर फिकट पिवळं तेल तरंगतं. खडे जाळले की धुराचा वास येतो तो वेगळा. तेलाचा वास त्याहून पातळ, आधी लिंबाच्या सालीचा, मग रंधा मारलेल्या लाकडाचा. आमच्याकडे हे तेल घरात कुणी ठेवत नाही. ते अत्तरवाल्यांकडे जातं. आणि नेमकं म्हणूनच मावशींनी ते निवडलं होतं.

त्यामागे एक संत्रं होतं. मावशी कामाला लागून वर्षच झालं होतं, मी तेव्हा इथे नव्हते. एका शाळेतल्या बाई टोकाच्या खोलीत होत्या आणि त्यांना संत्र्याचा भारी सोस. मावशींना वाटलं, आवडीचाच वास देऊ. रोज ताज्या साली खाटेखाली, पडद्याच्या घडीत, दाराच्या कडीला. बाईंची सहा वर्षांची मुलगी रोज येऊन आईजवळ बसायची, मावशींना धन्य वाटायचं. बाई गेल्या. पुढे दोन वर्षांनी मावशी बाजारात उभ्या असताना तीच मुलगी बापाचा हात धरून फळांच्या गाडीपाशी आली आणि तिथेच ओकली. बाप म्हणाला, "काय सांगू, मावशी. आई गेल्यापासून संत्र्याचा वास आला की असंच होतं. घरात आणायचं बंद केलंय."

मावशी मला हे सांगताना दर वेळी एकच वाक्य म्हणायच्या. "आई तर गेलीच, वर मी तिचं संत्रंही नेलं."

तेव्हापासून त्यांचा नियम झाला : कुणाच्याही घरातला वास वॉर्डात वापरायचा नाही. गुलाब कुणाच्या तरी आईच्या कपाटात असतो. निलगिरी सगळ्यांच्या लहानपणीच्या सर्दीत असते. कुणाच्या तरी बायकोच्या केसांत मोगरा असतो. वास घ्यायचा तर असा, जो माणूस इथून घरी घेऊन गेला तरी घरात त्याला भेटणार नाही. एका रुग्णाच्या भावाने जाताना ही डिंकाच्या तेलाची बाटली दिली, मावशींनी हुंगली, दहा लोकांना हुंगायला लावली, आणि विचारलं, "काय आठवतं?" दहाही जण म्हणाले, काही नाही. नोकरीवर घेतलं तेल.

त्याचे बाकीचे गुण हळूहळू कळले, काही तोंडावर पडून. वाट्या कमी होत्या म्हणून एकदा थर्माकोलच्या कपात बोळा ठेवला, तर संध्याकाळपर्यंत कपाला बूडच उरलं नाही आणि फरशीवर चिकट डाग. तेव्हा कळलं की हे तेल असले कप खातं. मग मावशींच्या डोक्यात आलं, जे कप खातं ते गोंदही खाईल. साध्या तेलाच्या वाटीत एक थेंब टाकून चिकटपट्टीच्या कडेला लावलं, तर म्हाताऱ्यांच्या कागदासारख्या कातडीवरून पट्टी अलगद सुटली. मी वीस वर्षं पट्ट्या ओढून लोकांना रडवत होते. शाबासकी द्यायची माझ्या जिवावर आली, पण त्या दिवशी दिली.

एकदा मी आणि मावशी बसच्या रांगेत उभ्या होतो. पुढे एक नटलेली बाई, अंगावर महागाचं अत्तर. मावशींनी एकदम तिच्या दंडाला हात लावला आणि विचारलं, "कोण आहे हो तुमचं आत, वॉर्डात?" बाई बघतच राहिली. मी मावशींना बाजूला ओढलं. अत्तरात तोच डिंक होता. मी ही गोष्ट वॉर्डात रंगवून सांगितली, सगळे हसले, मावशीही हसल्या. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं हे मला बरंच उशिरा कळलं.

मग ते आजोबा आले.

अठ्ठ्याहत्तर वय, मानेच्या डाव्या बाजूला गाठ फुटून झालेली जखम, बोलणं तुटक. टोकाची खोली दिली. मावशींनी नेहमीसारखी वाटी ठेवली. आजोबांनी डोळे मिटूनच विचारलं, "हे कुणी ठेवलं?"

"मी, आजोबा. त्रास होतोय का?"

"तेल... नासलंय."

मावशींच्या तेलाला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं. त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "तेल काय दूध आहे नासायला?"

"नासतं. बाटली अर्धी झाली... की आत हवा. खिडकीत ठेवता?"

"खिडकीतच ठेवते घरी. मग कुठे ठेवू?"

"अंधारात. लिंबाचा वास मेलाय त्याचा. उरलाय तो... रंगाच्या डब्याचा. असलं अंगाला लावलंत तर पुरळ येईल." मग दम खाऊन म्हणाले, "चाळीस वर्षं हेच तेल काढलंय, बाई."

मावशी माझ्याकडे आल्या त्या लाल होऊन. "सिस्टर, बघा नशीब. वॉर्डात पन्नास धंद्यांची माणसं आली, हाच एक यायचा राहिला होता."

पण दुसऱ्या दिवशी त्या कामाच्या आधीच खोलीत जाऊन बसल्या. आजोबांनी काचेचे मणी आणायला सांगितले होते. मावशींनी नातीची माळ तोडली, मणी उकळून वाळवले आणि एकेक करून बाटलीत सोडले. तेल वर चढत चढत मानेपर्यंत आलं. आता आत हवेला जागा नाही. एकोणीस वर्षांत मावशींना इतकं खूश झालेलं मी पाहिलं नव्हतं. नातीची समजूत कशी काढली ते विचारलं नाही.

त्या आठवड्यात आजोबा शिक्षक आणि मावशी विद्यार्थिनी. आच मोठी केली की डिंक हंड्याच्या तळाला लागतो आणि सगळ्या तेलाला जळका वास येतो. पहिल्या तासात येतं ते तेल पातळ आणि झणझणीत, ते वेगळं काढून ठेवायचं. खरं जड तेल दुपारनंतर. दहा तास भट्टीपासून हलायचं नाही. मी ड्रेसिंग करता करता ऐकायचे. एकदा मी मुद्दाम विचारलं, "आजोबा, लोक म्हणतात हे सांधेदुखीला लावतात, सुजेला लावतात. खरं का?"

ते हसले. हसलं की जखम ओढायची, तरी हसले. "लोक ज्याच्या मागे आहेत, तो जड भाग... वाफेबरोबर उडतच नाही. हंड्यात राहतो, काळा, डांबरासारखा. तेलात तो नसतो. मी एकाही बाटलीवर... बरं होतं असं लिहिलं नाही."

"मग तेल करतं काय?"

"वास देतं. आणि दुसऱ्या वासांना धरून ठेवतं. फुलाचा वास तासात उडतो. हे खाली बसतं आणि त्याला जाऊ देत नाही. कापडात शिरलं की... आठवडा हलत नाही."

हे वाक्य मी तेव्हा या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडलं.

वाटीतला ताजा बोळा ठेवला की आजोबांचा चेहरा सैल पडायचा. घरी असल्यासारखे झोपायचे. मावशींनी त्यांच्याकडून घरचं नवं तेल मागवायचं ठरवलं आणि इथून गाडं अडलं.

आजोबांना एकच मुलगी. चाळिशीची, दंड भरलेले, भट्टी आता तीच चालवायची. रोज चारला यायची. केस धुतलेले, कपडे नुकते इस्त्री केलेले, अंगाला साबणाचा वास. उंबऱ्यावर थांबायची. डबा मावशींच्या हातात द्यायची, दारातूनच विचारायची, "बाबा, दुखतंय का?" आजोबा जखमेची बाजू भिंतीकडे करून म्हणायचे, "नाही गं." पाच मिनिटं उभी राहायची आणि जायची. आत एक पाऊल नाही.

मावशींनी तेल आणायला सांगितलं. पहिल्या दिवशी म्हणाली, विसरले. दुसऱ्या दिवशीही विसरली. "तेल काढणाऱ्याच्या घरात तेलाची बाटली सापडेना! दिव्याखाली अंधार तो हाच," मावशी माझ्याजवळ फणफणल्या. माझ्या तर ती मुलगी पहिल्या दिवसापासून डोक्यात गेली होती. नाक हे तिचं भांडवल, जपत असेल, असं मी म्हणाले. अशी दारातली माणसं मी खूप पाहिली आहेत आणि मला त्यांचा राग येतो. मी तो लपवत नाही.

शुक्रवारी डॉक्टर तपासून गेले आणि मला बाहेर म्हणाले, "चार दिवस. फार तर पाच."

मावशींनी ते ऐकलं. आता त्यांना एकच ध्यास लागला, मुलीने आत येऊन बापाजवळ बसावं. चार दिवसांत. दोन थेंबांचे तीन केले. मग आपलाच नियम मोडून चार केले आणि एक वाटी दाराशीही ठेवली. शनिवारी मुलगी आली आणि उंबऱ्यावर न थांबता मागे सरकून बाहेरच्या भिंतीला टेकली. डबा दिला, हात हलवला, गेली. आजोबा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. त्या दिवशी त्यांनी मावशींना काही शिकवलं नाही.

रविवारी ती निघाली तेव्हा मी तिला जिन्यात गाठलं. मावशी मागे होत्याच. मी आवाज चढवला. "अहो, बाप आहे तो तुमचा. दोन दिवस राहिलेत त्याचे. नाकाला रुमाल लावा, पण आत जा."

ती एक पायरी वर आली. मग म्हणाली, "सिस्टर, जखमेच्या वासाचं मला काही नाही. इथे आणायच्या आधी तीन महिने मीच पट्टी बदलत होते."

मी तिच्या वाटेतून बाजूला झाले.

"मग काय अडतंय, बाळा?" मावशींनी विचारलं.

"तुमचं तेल अडतंय, मावशी." तिने कठड्याला धरलं. "आई लवकर गेली. मी भट्टीपाशीच मोठी झाले. तो वास आला की मला बाबा दिसतात, हंड्यापाशी उभे, माझ्यावर ओरडणारे. मला उद्याही तिथेच उभं राहायचंय, पुढची तीस वर्षं. इथे तो वास घेत बसले, तर मला ही खाट दिसेल. रोज. हंड्याचं झाकण उघडलं की ही खाट. वास एकदा असा बसला की परत उठत नाही, तुम्हाला माहीत नसेल."

मावशींना माहीत नसेल! त्या जिन्याच्या पायरीवर खालीच बसल्या. मला ते संत्रं आठवलं, त्यांना काय आठवलं ते काय सांगायचं. ही मुलगी रोज कोपरापर्यंत हात घासून, केस धुऊन, कपडे बदलून येत होती ते आमच्यावर नाक मुरडायला नाही. भट्टीचा वास इथे येऊ नये आणि इथला तिथे जाऊ नये म्हणून. आणि मी तिला काय काय ठरवून मोकळी झाले होते.

"आधी का नाही बोललात?" मी विचारलं, जरा हळू.

"कुठल्या तोंडाने बोलू? बाबांना तो वास हवा आहे. इथे आल्यापासून सुखाने झोपतात ते त्याच्यामुळे. त्यांच्याकडे उरलंय काय दुसरं? माझ्यासाठी ते काढा म्हणू?"

पहिल्यांदाच ती रडली. जिन्यातून माणसं जात होती, कुणी थांबलं नाही. जिन्यात रडणारी माणसं आमच्याकडे रोजची.

मावशी उठल्या आणि सरळ आजोबांकडे गेल्या. मी म्हणाले, आजारी माणसाला कशाला त्रास. त्यांनी ऐकलं नाही. खाटेशी वाकून सगळं जसंच्या तसं सांगितलं. आजोबा छताकडे बघत राहिले.

"पोरगी खरं बोलते," ते म्हणाले. "बाटली बाहेर न्या."

"तुम्हाला करमायचं नाही, आजोबा."

"मी चाळीस वर्षं घेतलाय. माझं पोट भरलंय. तिचं... भरायचंय अजून." मग डोळे किलकिले करून म्हणाले, "आणि वाटी काढून भागणार नाही. पडद्यात गेलंय. गादीत गेलंय. माझंच तेल, मला माहीत आहे. आठवडाभर जात नाही ते."

आठवडा आमच्याकडे नव्हता.

मग मी केलं ते माझ्या तेहतीस वर्षांच्या नोकरीत बसत नाही. वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला धुतलेल्या चादरींची खोली होती. तिथे तेलाचा थेंब कधी गेला नव्हता. मी चादरी बाहेरच्या बाकांवर रचल्या, गोदामातून कोरी गादी, कोरी उशी, कोरं कांबळं काढलं, खाट सोड्याच्या पाण्याने पुसली. यादीत नाही ते वॉर्डात नाही म्हणणारी मी, माणूस कपड्यांच्या खोलीत ठेवला. आजोबांना अंघोळ घालून, कोरे कपडे चढवून तिथे नेलं. वाटी नाही, बोळा नाही. खिडकी उघडी. वास होता तसा, उघडावाघडा. इतक्या वर्षांत मी तो त्या तेलाशिवाय घेतलाच नव्हता. मला दोनदा बाहेर जावं लागलं, हे इथे कबूल करते.

सोमवारी सकाळी मुलगी आली. दाराशी थांबली, श्वास घेतला, एक पाऊल आत टाकलं आणि पुन्हा थांबली. मावशी खाटेची चादर सरळ करत होत्या. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग आपला हात नाकाशी नेला. मग बाही. मग पदर.

"मीच आहे ना?" त्या म्हणाल्या.

मुलीने मान खाली घातली. निदान एकोणीस वर्षं खिशात बाटली. तेल कापडातून आठवडा जात नाही, तर माणसातून किती दिवस जात नसेल? मावशींना तो वास कधीच आला नव्हता, आपला वास आपल्याला येतो कुठे. त्यांनी चादरीचं टोक माझ्या हातात दिलं आणि बाहेर गेल्या. मुलगी त्यांच्या बाजूने आत आली, खुर्ची ओढली आणि बापाच्या जखमेच्या बाजूला बसली. आजोबांनी भिंतीकडे तोंड केलं नाही.

पुढचे तीन दिवस मावशी दाराबाहेर. आतलं काम माझ्याकडे. कित्येक वर्षांत मी भांडं रिकामं केलं नव्हतं की अंगाखालची चादर ओढली नव्हती. मावशी चार हातांवर उभ्या राहून माझी अब्रू काढत होत्या. "सिस्टर, अशी नाही ओढायची, आधी त्या बाजूला वळवा. सिस्टर, पाणी गार झालं असेल. सिस्टर, पायाखाली उशी राहिली." आजोबा आतून म्हणाले, "हिला... कुणी ठेवलं?" ते माझ्याबद्दल होतं. मुलगी खळखळून हसली. त्या खोलीत हसू आलं ते तेव्हाच.

ती बापाशी भट्टीचंच बोलायची. कुठला डिंक आला, खड्यांत किती साल निघाली, नळी कुठे गळते. मावशी बाहेरून ऐकायच्या, पण मध्ये बोलायच्या नाहीत.

बुधवारी दुपारी ड्रेसिंग झाल्यावर त्यांचा श्वास बदलला. मुलीने हात धरला होता. मी नाडी धरली होती. अशा वेळी नेहमी मावशी पायाशी असतात, कुणाला पाणी लागलं, कुणाला सावरायचं झालं तर. त्या दारात होत्या, चौकटीला घट्ट धरून, एक पाऊलही आत नाही. सगळं झाल्यावर तिथूनच म्हणाल्या, "सिस्टर, डोळे मिटा त्यांचे. हलक्या हाताने." मी मिटले. इतक्या माणसांना निरोप देणाऱ्या बाईने हा एक निरोप दारातून दिला आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

त्यानंतर मावशींनी बाटली कपाटात ठेवली. काही दिवस नुसत्या खिशात हात घालायच्या आणि काढायच्या. मग एका नव्या रुग्णाच्या बायकोला त्या विचारत होत्या ते मी ऐकलं, "ताई, तुमच्या घरात कुठकुठला वास असतो?" बायको गोंधळली, पण सांगितलं, साबण, घोडा, भाजलेलं पीठ. नवरा टांगा चालवायचा. मावशी म्हणाल्या, "बरं. मग आमचं तेल चालेल." आता दाखल करायच्या कागदावर नाव, वय, पत्ता यांच्या खाली एक ओळ मी हाताने घालते : घरातले वास. छापील कागदात ती नाही. वरच्या साहेबांनी दोनदा खोडली, मी तिसऱ्यांदा घातली.

चार महिन्यांनी मुलीचा निरोप आला, भट्टी बघायला या, दोघी या. रविवार होता. मावशींनी आदल्या दिवसापासून तयारी केली. केस दोनदा धुतले, नवी साडी काढली, वॉर्डातलं काहीही बरोबर घेतलं नाही, पर्ससुद्धा बहिणीची.

शेड लहानच. तांब्याचा मोठा हंडा, त्यातून निघालेली वाकडी नळी, गार पाण्याची टाकी आणि टोकाला काचेचं भांडं. मी सरळ आत गेले. पहिला तास चालू होता. पाण्यावर तेल थेंबाथेंबाने जमत होतं आणि वास असा झणझणीत, ताजा, की मला हे आमच्या बाटलीतलंच तेल आहे हे पटेना.

"दिसतात का अजून?" मी मुलीला विचारलं. काय ते तिला कळलं.

"दिसतात. झाकण उचललं की समोर उभे. 'आच कमी कर, डोळे फुटलेत का,' म्हणून ओरडतात." ती हसत होती आणि पदराने डोळे पुसत होती. "खाटेवरचे नाही, सिस्टर. एकदाही नाही."

मी वळून पाहिलं. मावशी दाराबाहेर उभ्या होत्या, चौकटीला हात लावून, चपलेची टोकंसुद्धा उंबऱ्याच्या बाहेर.

मुलीनेही पाहिलं. हातातलं भांडं खाली ठेवून ती दारापर्यंत गेली.

"मावशी, आत या."

मावशींनी आधी आपला उजवा हात हुंगला, मग डावा.

"अहो, इथे चालतं," मुलगी म्हणाली आणि त्यांचा हात धरून त्यांना आत घेऊन आली.